कोंबड्यांची झुंज आवरताना

नुसते कोंबडे एकत्र पाळायचे असतील तर तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, त्यांच्या नजरेसही पडू देऊ नका. बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात. एकत्र वाढलेले कोंबडे जास्त जुळवून घेतात. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, मध्ये कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करा, म्हणजे हरलेल्याला लपता येतं. मान फुगवून दोन टोचे मारले आणि एक मागे सरला, तर मध्ये पडू नका. तुऱ्यावर रक्त दिसलं मात्र लगेच उचला, कारण लाल दिसलं की बाकीचेही टोचतात. पण त्याला लांब नेऊ नका! परतल्यावर तो परका ठरतो. त्याच खुराड्यात डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या मोठ्या टोपलीखाली ठेवा, जखम भरल्यावर अंधार पडताना सोडा.