मिरची घरात की गच्चीवर? रोप आत, झाड बाहेर

उन्हाळ्यात चटणी कांडायच्या आधी गच्चीवरची लाल मिरची हाताशी हवी असेल, तर बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाका. कोल्हापुरात तेव्हा आभाळ मोकळं नसतं. जोराची एक सर आली की कोवळी रोपं आडवी होतात. म्हणून सुरुवात घरात करायची आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस सरला की झाडं गच्चीवर न्यायची.

बाजारातल्या सुक्या मिरचीचं बीही उगवतं, पण भरवसा नाही. संकेश्वरी किंवा लवंगीचं बी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळालं तर उत्तम. प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठी छोटे कप्पे असलेला ट्रे) ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा. एका कप्प्यात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. उगवेपर्यंत ट्रे कागदानं झाका. आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतील. पहिला कोंब दिसला की कागद त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं किडकिडीत होतात.

इथून पुढे खिडकीवर विसंबू नका. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो आणि ढगाळ दिवशी खोलीत खिडकीपासून हातभर अंतरावर एखाद-दोन हजार मिळाला तरी पुष्कळ. डोळ्याला हा फरक कळत नाही, रोपाला कळतो. २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब ट्रेच्या वर वीतभर अंतरावर टांगा आणि रोज १४ तास चालू ठेवा. महिन्याला साधारण १७ युनिट वीज लागते. रोपांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्यांवर जादा पैसे घालायची गरज नाही. पाणी ट्रेच्या खालून द्या. वरून रोज शिंपडलं तर देठ जमिनीलगत काळा पडून रोप कोलमडतं, आणि तसं रोप वाचत नाही.

३५-४० दिवसांत रोप वीतभर होतं. त्याला एकदम गच्चीवर ठेवू नका. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन द्या आणि रोज तासाभरानं वाढवा. हा आठवडा चुकवला तर पानं पांढरी पडून करपतात.

कुंडी १२ इंची, तळाला भोकं मोकळी. पंचगंगेकाठची काळी माती शेतात सोनं असली तरी नुसती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते, मग पाणी कडेनं निघून जातं. दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घ्या. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) स्वस्तात मिळते, पण पूर्ण कुजलेलीच वापरा. हात घातल्यावर गरम लागली किंवा आंबूस वास आला तर ती अजून कच्ची आहे, मुळं जाळेल. कुंडी स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवा. पाणी बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली तरच द्या.

झाड वीस सेंटीमीटरचं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतील. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरे. युरिया टाकला तर पानांचा गुच्छ होतो आणि फुलं हुलकावणी देतात.

खरी डोकेदुखी बोकड्याची, म्हणजे पानं आखडण्याच्या रोगाची. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी कीड (माइट). पान उलटून बघा, पांढऱ्या कागदावर झटका. बारीक काड्यांसारखे किडे पळताना दिसले की संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबण मिसळून पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. पांढरी माशी दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा. पानं लहान, आखडलेली आणि जाळीदार पिवळी पडली तर तो विषाणू आहे. औषध शोधत बसू नका, झाड उपटून टाका.

झाड कायमचं घरातच ठेवायचं असेल तर वाऱ्याचं काम तुम्हाला करावं लागेल. फुलं उमलल्यावर रोज सकाळी फांदीला टिचकी मारा, नाहीतर फुलं तशीच गळतात. आमच्या मते घरातली चार झाडं म्हणजे हौस. हिरव्या मिरचीचा ठेचा होईल, वर्षाची चटणी नाही.

डिसेंबरच्या अखेरीस हिरवी मिरची सुरू होते, लाल व्हायला अजून तीनेक आठवडे. पुढच्या वर्षीचं बी राखायचं असेल तर दोन-तीन कळ्या उमलण्याआधीच मलमलच्या पिशवीत बांधा. शेजारच्या गच्चीवर सिमला मिरची असेल, तर तिचा पराग आणणारी मधमाशी विचारून येत नाही.