जुना कॉम्प्युटर अडला? फॉरमॅट मारण्याआधी या क्रमाने बघा

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूने एका ओळखीच्या पोराचा फोन आला. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. "दादा, कुठलीच साइट उघडंना झालीय. उतारा काढायला माणसं येऊन बसल्यात. फॉरमॅट मारून टाकू काय?"

मी म्हटलं, "थांब. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे ती वाच बघू."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "2009 दाखवायलंय की!"

तारीख बरोबर केली आणि साइट उघडली. मशीनला दुसरं काहीही झालेलं नव्हतं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला एक मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी साल 2009 असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि ब्राउझर 'कनेक्शन खासगी नाही' म्हणून दार लावून घेतो. फॉरमॅट मारला असता तर दुकानातला सगळा डेटा गेला असता आणि साइट तरीही उघडली नसती.

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर अजून रोज कामाला आहेत. छपाईवाले, झेरॉक्सवाले, अडत दुकानं, सोसायट्या, शिकवण्या सगळीकडे. ही मशीनं बिघडली की पहिला शब्द निघतो तो फॉरमॅट. माझा त्याला विरोध आहे. जुन्या मशीनवर विंडोजच्या फाइली खराब होतात त्या बहुतेक वेळा कशाचा तरी परिणाम म्हणून: झिजलेली डिस्क, मेलेली बॅटरी, मध्येच गेलेली वीज. मूळ कारण तसंच ठेवून विंडोज नव्याने घातलं की महिन्याभरात तेच दुखणं परत येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. मी तो असा धरतो.

पहिलं काम: डेटा बाहेर काढा

मशीन कसंबसं का होईना चालू होत असेल, तर दुरुस्तीला हात लावण्याआधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळ्यांना आठवतात. विसरतात ते दोन फोल्डर. एक टॅलीचा. टॅली ईआरपी 9 मध्ये 10000, 10001 अशा आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात आणि एकेका फोल्डरात एकेका कंपनीचा सगळा हिशेब असतो. हे फोल्डर नेमके कुठे आहेत ते टॅली उघडून कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पत्ता वाचून घ्या, अंदाजाने शोधू नका.

दुसरा फोल्डर फॉन्टचा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात असतो. आपल्याकडे याची किंमत जास्त आहे, कारण इथल्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दुकानाचे फलक मराठी आणि कन्नड दोन्हीत लागतात. पानं मांडायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रामच्या फाइलीत मराठी मजकूर श्री-लिपीत असतो आणि कन्नड नुडीत. या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी वाचता येणारा, नसतो. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा किंवा कन्नडचा आकार देतो. फॉन्ट गेला की पडद्यावर डॉलर, टक्के आणि कंस यांची खिचडी दिसते. शहापुरातल्या एका छपाईच्या दुकानात दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारला होता. पत्रिकांच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर होत्या, त्या शाबूत राहिल्या, पण एकही वाचता येईना. मालक त्या पुन्हा टाइप करायला बसले होते. मला ते बघवलं नाही. त्यांच्या भावाच्या मशीनमधून त्याच नावाचे फॉन्ट आणून घातले आणि पत्रिका जशाच्या तशा उभ्या राहिल्या. तेव्हा अशी खिचडी दिसली तर फाइल खराब झाली असं धरू नका. आधी फॉन्ट बघा, आणि त्या फाइलीवर सेव्ह करू नका.

याच्या जवळची एक अडचण विंडोज एक्सपीवर येते. युनिकोड मराठीतले काना-मात्रा-वेलांट्या विस्कटतात, जोडाक्षरं फुटतात, किंवा नुसते चौकोन दिसतात. तिथे कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडून लँग्वेजेस टॅबमधली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' ची खूण लावायची. एक्सपीची सीडी मागेल, ती जवळ ठेवा. मराठीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा हे दोन्ही फॉन्ट त्यातच आहेत.

मशीन चालूच होत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून मशीन सुरू करा आणि फाइली काढून घ्या. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. पहिल्या पडद्यावरचं इन्स्टॉलचं चिन्ह मात्र दाबू नका.

घड्याळ आणि आतली बॅटरी

तारीख बरोबर करूनही मशीन बंद करून चालू केल्यावर पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची बॅटरी संपली. नाण्यासारखी गोल, 3 व्होल्टची, वर सीआर 2032 असं लिहिलेलं असतं. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते.

बदलण्याआधी एक गोष्ट करा. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ 2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, कुठला आहे ते बघून मोबाइलवर फोटो काढा. तिथे आयडीई किंवा एएचसीआय असं असतं. मग प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच बॅटरीला हात घाला.

फोटो का, तर बॅटरी मेली की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातो आणि साटा मोड बदलू शकतो. त्यानंतर विंडोज सुरू होताहोता निळा पडदा येतो आणि खाली शेवटी 7बी असा आकडा दिसतो. हा पडदा बघून लोक डिस्क गेली म्हणतात, विंडोज गेलं म्हणतात. कित्येकदा फक्त तो मोड होता तसा केला की मशीन सुरू होतं. बॅटरी आधीच मेलेली असेल आणि मोड ठाऊक नसेल, तर एकदा एक, एकदा दुसरा लावून बघा. त्याने डेटाला धक्का लागत नाही.

आणखी दोन सोप्या गोष्टी इथेच उरका. काळ्या पडद्यावर बूटमॅनेजर किंवा एनटीएलडीआर मिसिंग असं आलं, तर आधी सगळे पेनड्राइव्ह काढा आणि बायोसमध्ये पहिली डिस्क कुठली लावली आहे ते बघा. आणि पडदा काळाच राहून एकसारखा बीप-बीप वाजत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मऊ कापडाने पुसा, कट्टकन बसेपर्यंत परत दाबा. खानापूरच्या पावसात घरातली ओल भिंतीला लागते तशी या दातांनाही लागते.

डिस्कची तब्येत

आता डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कची स्वतःची नोंद वाचून दाखवतो. निळं 'गुड' असेल तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' असेल तर 05, सी 5 आणि सी 6 या तीन ओळी बघा. 05 म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी 5 म्हणजे वाचताना अडलेल्या जागा, सी 6 म्हणजे दुरुस्त न झालेल्या. हे आकडे वाढत असतील तर ती डिस्क उतरणीला लागली. तिच्यावर दुरुस्तीची कुठलीच आज्ञा चालवू नका. पूर्ण डिस्क तपासणारी आज्ञा तासन्‌तास तिला घासते आणि उरलेला जीवही घेते. डेटा काढा, नवी डिस्क लावा. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर एवढंही थांबू नका, मशीन बंद करा आणि जो डेटा सोडवणारा असेल त्याच्याकडे तशीच न्या.

डिस्क चांगली असेल तर पुढच्या आज्ञा. मी त्या फोनवर सांगतो तशाच अक्षरांनी लिहितो. 'जागा' म्हणजे स्पेसबार एकदा, 'रेघ' म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करा, जे नाव वर येईल त्यावर उजवी क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. हे विसरलं तर आज्ञा चालत नाहीत.

सी-एच-के-डी-एस-के, जागा, सी आणि लगेच कोलन, जागा, रेघ, एफ. डिस्क वापरात आहे, पुढच्या वेळी तपासू का असं विचारेल. वाय दाबून एंटर करा, मशीन रीस्टार्ट करा आणि तपासणी संपेपर्यंत वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. दिवा लागतो पण मशीन क्षणात पडतं, तर ती बदला. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धी लिहून राहते, आणि खराब फाइलींचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

विंडोजच्या फाइली

एस-एफ-सी, जागा, रेघ, एस-सी-ए-एन-एन-ओ-डब्ल्यू. एंटर. हा प्रोग्राम विंडोजच्या सुरक्षित फाइली एकेक तपासतो आणि बिघडलेल्या फाइलीच्या जागी चांगली घालतो. जुन्या मशीनवर बराच वेळ लागतो, एखाद्या टक्क्यावर अडकल्यासारखा दिसतो. खिडकी बंद करू नका.

शेवटी तीनपैकी एक उत्तर येतं. काही सापडलं नाही; सापडलं आणि दुरुस्त केलं; सापडलं पण काही दुरुस्त करता आलं नाही. दुसरं आलं तर रीस्टार्ट करून परत एकदा चालवा. तिसरं आलं आणि विंडोज 8, 10 किंवा 11 असेल, तर नेट जोडून ही आज्ञा द्या: डी-आय-एस-एम, जागा, रेघ, ऑनलाइन, जागा, रेघ, क्लीनअप, छोटी आडवी रेघ, इमेज, जागा, रेघ, आणि रिस्टोअर-हेल्थ हे दोन शब्द जोडून. ती संपली की एस-एफ-सी पुन्हा. विंडोज 7 ला रिस्टोअरहेल्थ कळत नाही. तिथे सुरू होताना एफ 8 दाबून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर', नाहीतर 7 च्या डीव्हीडीवरून असलेल्या विंडोजवरच अपग्रेड. त्यात फाइली आणि प्रोग्राम राहतात.

एस-एफ-सी टॅली, पेजमेकर किंवा प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करत नाही. तो फक्त विंडोजपुरता.

डीएलएल हरवली असं आलं तर

डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी मदतीची फाइल. 'एमएसव्हीसीपी140 डॉट डीएलएल सापडत नाही' असा निरोप आला की लोक ते नाव नेटवर शोधतात आणि एकटी डीएलएल देणाऱ्या साइटवरून उतरवून घेतात. कृपा करून असं करू नका. ती फाइल कोणी कशी बदलली आहे हे कळायला मार्ग नसतो. 140 वाल्या फाइली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या पॅकेजमधल्या आहेत. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, आणि विंडोज 64 बिट असेल तर एक्स 86 आणि एक्स 64 असे त्याचे दोन्ही प्रकार घाला. विंडोज 7 वर नावात 'एपीआय' आणि 'सीआरटी' असलेली फाइल मागत असेल तर सर्व्हिस पॅक 1 आणि केबी 2999226 हे अपडेट लागतं.

पेनड्राइव्हमधले फोल्डर अचानक शॉर्टकट झाले असतील तर फाइली गेलेल्या नसतात, व्हायरसने लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा, मग सी-एम-डीच्या त्याच काळ्या खिडकीत: ए-टी-टी-आर-आय-बी, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, रेघ एस, जागा, रेघ डी, जागा, पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी रेघ, तारा, टिंब, तारा. फोल्डर परत दिसू लागले की शॉर्टकट पुसून टाका.

एवढ्यावरही मशीन रांगतच असेल तर सी ड्राइव्ह किती भरला आहे ते बघा. डिस्क क्लीनअप चालवा, पण विंडोज फोल्डरातला विनएसएक्सएस हाताने पुसू नका. एस-एफ-सी चांगल्या फाइली तिथूनच आणतो. खर्च करायचाच असेल तर तो अडीच इंची साटा एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर करा. जुन्या मशीनला दुसऱ्या कशानेच एवढा फरक पडत नाही.

विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले, विंडोज 10 ची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. क्रोमची 109 ही विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती. अशा मशीनवर पत्रिका करा, हिशेब ठेवा, पण बँकेचा पासवर्ड घालू नका. नेटचंच काम जास्त असेल तर त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला.

सगळं सुरळीत झालं की कॅबिनेट बंद करण्याआधी आतल्या पत्र्यावर एक कागद चिकटवा: बॅटरी कधी बदलली, साटा मोड कुठला, फॉन्टची कॉपी कुठल्या डिस्कवर आहे. जांबोटीच्या त्या पोराने हा कागद लावलाय. परवा वीज गेल्यावर निळा पडदा आला, तेव्हा त्याने फोन केला नाही. कॅबिनेट उघडून कागद वाचला आणि बायोसमध्ये स्वतःच मोड बदलला.