कोकणच्या थंडीत कॅराव्हॅनमध्ये ऊब कशी राखावी

डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावर कॅराव्हॅनमध्ये मुक्काम करणाऱ्याला पारा किती उतरला यापेक्षा हवेतला ओलावा अधिक सतावतो. दापोलीच्या पठारावर पहाट चांगलीच गारठते. खाली हर्णै-मुरूडकडे थंडी तेवढी नसली, तरी दमट हवेमुळे रात्री गार पडलेल्या पत्र्याच्या छताला आतून पाणी सुटते आणि पांघरूण ओलसर होते. ओलसर पांघरुणात ऊब टिकत नाही, म्हणून गाडी तापवण्याआधी ती कोरडी ठेवण्याचा विचार करावा.

रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. आपल्याकडे अशा गाड्यांचे दार बहुधा डाव्या अंगाला असते, त्यामुळे गाडीचे तोंड उत्तरेकडे केले की दार समुद्राच्या बाजूला येते आणि वारा थेट आत शिरत नाही. वहाळालगतची खोलगट जागा टाळावी, कारण गार हवा जड असल्याने तिथेच साचते. आंब्याखाली दव कमी पडते, मात्र बागमालकाला विचारूनच थांबावे आणि मोहोरावर फवारणी चालू असेल तर तिथे झोपू नये.

बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटता ठेवून कोणीही, कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. बाहेर शेकून झाल्यावर उरलेले निखारे घमेल्यात भरून आत घ्यावेत असे अनेकांना वाटते. परंतु ज्वाळेने नीट जळणाऱ्या लाकडापेक्षा धुमसणारे निखारे हा वायू अधिक सोडतात, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. या वायूची सूचना देणारा अलार्म गाडीत असलाच पाहिजे. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत मिसळते, त्यामुळे कुळथाची पिठी असो वा पेज, स्वयंपाक दार उघडे ठेवून किंवा बाहेरच करावा.

झोपतानाही छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. त्याने थोडी ऊब जाते खरी, पण श्वासातली वाफ बाहेर पडते. गारवा वरून येतो त्याहून अधिक खालून चढतो. म्हणून फळ्यांच्या फटींतून हवा खेळेल अशा बिछान्यावर काथ्याची गादी, तिच्यावर लोकरीची घोंगडी आणि अंगावर गोधडी घ्यावी. पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली, तर बहुतेक रात्री आणखी काही लागत नाही.

विजेचा हिशेब आधीच करावा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. हजार वॉटचा हीटर ती तासाभरात संपवतो, तर ५० वॉटचे विजेचे पांघरूण आठ तासांत केवळ ४०० वॉट-तास घेते.

सकाळी काचांवरचे पाणी सुक्या फडक्याने टिपावे, गादी उन्हात टाकावी आणि अधूनमधून भिंतीच्या अस्तरामागे हात घालून पाहावा, कारण खाऱ्या हवेत तिथे ओल अडकली तर पत्रा आतून गंजतो आणि ते बाहेरून दिसत नाही.