चार रात्रींची गोष्ट: डग्लसचा ‘शूर गुलाम’ पारावर कसा सांगावा

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात मारुतीच्या पारावर ही गोष्ट मी आजवर तीनदा सांगितली. पहिल्यांदा पार फसली. तुमची फसू नये म्हणून हे लिहितो. मी निवृत्त मास्तर, सवयीने थोडं लांबण लावीन.

आधी गोष्ट नीट समजून घ्या. अमेरिकेतला फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम म्हणून जन्मला, १८३८ साली पळाला आणि १८५३ मध्ये ‘द हीरोइक स्लेव्ह’, म्हणजे ‘शूर गुलाम’, ही कथा लिहिली. पाया खरा आहे. नोव्हेंबर १८४१ मध्ये ‘क्रिओल’ जहाजातून १३५ गुलाम विकायला न्यू ऑर्लिन्सकडे चालवले होते. मॅडिसन वॉशिंग्टन आणि त्याच्या अठरा जोडीदारांनी जहाज ताब्यात घेतलं आणि बहामा बेटांतल्या नासाऊ बंदराला वळवलं, कारण इंग्रजांच्या त्या बेटांवर गुलामी उठली होती. “अमेरिकेचं आपल्याला काय?” असं कुणी विचारतंच. त्याला एवढंच सांगा की जोतीरावांनी १८७३ सालची ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मग पुढे चला.

पहिली अडचण ‘गुलाम’ या शब्दाची. लोक लगेच म्हणतात, म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. मीही पहिल्या खेपेला मान हलवून मोकळा झालो होतो. तेव्हा जन्मभर सालदारकी केलेले एक बाबा मागून बोलले, “आखाजीले आमना हिसाब तरी व्हये.” (आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमचा हिशेब तरी व्हायचा.) तेव्हापासून सुरुवात तिथूनच करतो. सालदाराचं साल आखाजीला संपतं, पटलं नाही तर तो दुसऱ्याचं शेत धरतो. मॅडिसनचं साल कधीच संपत नाही, आणि त्याची पोरं जन्मतानाच मालकाच्या खात्यावर चढतात. हे बोलायला दहा मिनिटं गेली तरी चालतील.

नकाशा चुन्याने जमिनीवर काढा. ओहायो नदी दाखवताना तापीच धरा: अलीकडे अमळनेर, पलीकडे चोपडा. एका काठावर माणूस विकत मिळतो, दुसऱ्यावर नाही. पण पळालेल्याला पलीकडूनही धरून आणायचा कायदा होता, म्हणून मॅडिसनला सरोवर ओलांडून कॅनडा गाठावा लागतो. हे राहिलं तर लोक विचारतात, नदी ओलांडली ना, मग अजून पळतो कशाला?

कथेचे भाग चार, रात्रीही चारच धरा. पहिल्या भागात जंगलात एकटाच बोलणारा मॅडिसन आणि झाडाआडून ऐकणारा गोरा प्रवासी लिस्टवेल. भाषण लांब आणि अलंकारिक आहे, निम्मं कापा. लिस्टवेल या नावातच ‘नीट ऐक’ असं दडलंय, तेही सांगा. दुसऱ्या भागात पाच वर्षांनी, कडाक्याच्या थंडीत, तोच मॅडिसन योगायोगाने लिस्टवेलच्याच दारी येतो. इथे घाई नको. बायकोच्या ओढीने तो इतकी वर्षं जवळच रानात लपून होता, आणि वणव्याने त्याला बाहेर काढलं.

तिसऱ्या रात्री बाया विचारणारच, “त्यानी बायको कोठे शे?” उत्तर जड आहे. तिला आणायला तो कॅनडातून माघारी आला, पळताना ती गोळी लागून मेली आणि तो पुन्हा बेड्यांत अडकला. एवढं सांगून थांबा, पाणी प्या. मग लिस्टवेल त्याला गुपचूप तीन कानशी देतो. मी लोहाराकडून खऱ्याच तीन मागून आणतो आणि बसलेल्यांच्या हातातून फिरवतो. बेडी कापायला किती वेळ लागेल, याचा हिशेब पोरं आपसातच करतात, माझं काम वाचतं.

माझी फजिती झाली ती चौथ्या रात्री. उठाव मी अंगात आल्यासारखा सांगितला, पोरं पारावरून उड्या मारायला लागली आणि गोष्ट दहा मिनिटांत संपली. डग्लस तसं करत नाही. त्याच्या कथेत उठाव सांगतो तो हरलेला गोरा खलाशी, किनाऱ्यावर, टोमणे खात. आता मी स्टुलावर पाठ वाकवून बसतो आणि त्याच्याच चिडक्या आवाजात बोलतो. मॅडिसनचं मोठेपण नाइलाजाने कबूल करताना त्याची जीभ अडते, ती अडू द्या. लोक तिथे हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

शेवटी नासाऊच्या धक्क्यावर काळे सैनिक येतात. खलाशी म्हणतो, आमच्या मालावर पहारा ठेवा. माणसं म्हणजे माल, हे ते मानत नाहीत. सगळे आरोळ्या देत उतरतात, पुढे मॅडिसन. इथे थांबा, चहा सांगा.

आणि कानशी मोजून घ्या. मागच्या खेपेला दोनच परत आल्या, लोहार अजून बोलतो.