नाताळची गोष्ट बायकांच्या बाजूने कशी वाचावी

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार हाताशी असतात. तेवढ्यात येशूजन्माची कथा घरी किंवा आळीतल्या बायकांसोबत नीट वाचून होते. वसईत आमच्या गटात मी हेच करते. मरियेचं कौतुक आपण खूप करतो, पण ती काय बोलली, काय ठरवलं, बाळंतपणात तिच्यासोबत कोण होतं, हे क्वचितच विचारतो. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, त्यातलं बरंच लिहिलेलं आहे. फक्त घाई न करता वाचावं लागतं.

बायबल घरात असेल ते घ्या. पंडिता रमाबाईंचं मराठी भाषांतर मिळालं तर तेही जवळ ठेवा. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते केलं, १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले होते. गटात हे आधी सांगितलं की बायका पुस्तक वेगळ्याच मायेने हातात घेतात.

सुरुवात मत्तयच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वंशावळीपासून करा. नावांची रांग कंटाळवाणी म्हणून सगळे ती गाळतात. तुम्ही मोठ्याने वाचा आणि बाईचं नाव आलं की थांबा. सारा, रिबेका, राहेल या मानाच्या आज्या तिथे नाहीत. आहेत त्या तामार, राहाब, रूथ आणि नावाऐवजी फक्त ‘उरियाची बायको’ म्हणून आलेली बथशेबा. सासरच्यांनी हक्क नाकारलेली विधवा, यरीहोतली वेश्या, मवाबातून आलेली परकी सून आणि राजाने आपल्या महालात बोलावून घेतलेली दुसऱ्याची बायको. प्रत्येकीची गोष्ट थोडक्यात सांगा आणि मग विचारा: येशूच्या घराण्यात मत्तयने याच का निवडल्या? उत्तर लगेच देऊ नका. आमच्याकडे या प्रश्नावरच अख्खी संध्याकाळ जाते आणि ती जायलाच हवी. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मरियेकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. इथे दोन वाचक हवेत: मरियेसाठी लग्नाच्या वयाची एक मुलगी आणि तिची वयस्कर नातलग अलीशिबा हिच्यासाठी पन्नाशी ओलांडलेली एखादी मावशी. देवदूताचा निरोप ऐकून मरिया आधी विचारते, हे कसं होणार? उत्तर मिळाल्यावरच हो म्हणते. वाचणाऱ्या मुलीला सांगा, तो प्रश्न घाबरून पुटपुटू नकोस, स्पष्ट विचार. वाग्दत्ता मुलीने दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवला तर धोंडमाराची शिक्षा नियमशास्त्रात लिहिलेली होती. तिचा होकार केवढा मोठा, हे त्यावरून कळतं.

मग ती नासरेथहून यहूदियाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. शंभराहून अधिक किलोमीटरची वाट आहे. अलीशिबेला सहावा महिना, तिच्या पोटातलं बाळ उडी मारतं आणि येणारा प्रभू कोण हे सगळ्यात आधी ओळखून बोलून दाखवते ती हीच गरोदर बाई. तिचा नवरा जखऱ्या याजक, पण त्या वेळी त्याची वाचा गेलेली आहे. पुढे मुलाचं नाव ठेवताना शेजारीपाजारी बापाचं नाव सुचवतात, तेव्हा ‘नाही, योहानच’ असं ठणकावणारीही तीच. आमच्या एका मावशी हे वाचून म्हणाल्या, “याजक मुका झाला आणि बाईचं ऐकायची वेळ आली.”

मरियेचं गीत या भेटीतच येतं. ते उभं राहून, सगळ्यांनी मिळून, चढ्या आवाजात म्हणा. अधिपतींना गादीवरून खाली ओढणारा, भुकेल्यांना पोटभर देणारा आणि धनवानांना रिकाम्या हाताने परत पाठवणारा देव त्यात आहे. त्याआधी बायबलच्या पहिल्या शमुवेल या पुस्तकातलं, शमुवेलाची आई हन्ना हिचं गीत वाचलंत तर मरिया कोणत्या आईचा धागा पुढे नेते ते ऐकू येतं.

याच बैठकीत एक काळजी घ्या. गटात मूल नसलेली, गर्भपात झालेली किंवा लग्न न केलेली बाई असतेच. अलीशिबेची गोष्ट ‘प्रार्थना केली की मूल होतं’ अशी सांगू नका. लोकांत तिला किती बोल लावले गेले, हे ती स्वतः सांगते. त्या बोलांबद्दल बोला. बोल लावणारे आपल्यातच असतात.

तिसऱ्या आठवड्यात गोठा. बाळंते मुलांच्या हातून करून घ्या. त्यासाठी नवं कापड आणू नका, त्याची खळ बाळाच्या अंगाला टोचते. धुऊन धुऊन मऊ पडलेली आजीची सुती साडी काढा, काठ बाजूला फाडा आणि हातभर रुंदीच्या पट्ट्या करा. एक पट्टी बाहुलीभोवती गुंडाळायला लावा: आधी एक हात आत, मग दुसरा, पाय सरळ, मान मोकळी. हे चालू असताना लूकचं ते एक वाक्य वाचा. तिने बाळाला जन्म दिला, तिने बाळंत्याने गुंडाळलं, तिने गव्हाणीत ठेवलं. तिन्ही कामं तिचीच. सुईणीचा उल्लेखच नाही.

मूर्ती मांडताना मरियेला गुडघ्यावर बसवायलाच हवं असं नाही. पूर्वेकडच्या चर्चच्या जुन्या चित्रांत ती अंथरुणावर आडवी झालेली असते, दमलेली, आणि दोन बायका बाळाला न्हाऊ घालत असतात. मातीच्या मूर्ती स्वतः करत असाल तर अशी बाळंतीण मरिया करून बघा. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका त्या गोठ्यापुढे सर्वांत जास्त वेळ थांबतात. मरियेचा नवरा योसेफ याच्या हाती पाण्याचं भांडं द्या. ते शास्त्रात नाही, पण त्याने तिला सोडलं नाही, हे आहे.

चौथ्या आठवड्यात नवीन काही वाचू नका. घरात फराळाची घाई असते. मरियेचं गीतच पुन्हा म्हणा.

नाताळ झाला की कथा संपली असं समजून गोठा आवरू नका. २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारलेल्या बालकांची आठवण असते. मत्तय तिथे यिर्मया संदेष्ट्याचे शब्द आणतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही. मूल गमावलेल्या आयांना त्या दिवशी घरी बोलावा. उपदेश नको, चहा ठेवा आणि त्यांना मुलांची नावं घेऊ द्या. हा दिवस मला नाताळइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शेवटचं वाचन २ फेब्रुवारीला, जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी. मरिया आणि योसेफ मंदिरात दोन पक्षी अर्पण करतात. कोकरू परवडत नसेल तर ही सवलत होती, म्हणजे घरची परिस्थिती कळते. मंदिरात भेटलेला शिमोन नावाचा भक्त मरियेला तिच्या जिवातून आरपार जाणाऱ्या तलवारीबद्दल सांगतो. आणि दुसरी एक हन्ना येते: फनूएलाची मुलगी, म्हातारी विधवा, शास्त्र तिला संदेष्ट्री म्हणतं. यरुशलेमेत वाट पाहणाऱ्या सगळ्यांना ती या बाळाबद्दल सांगत सुटते. तो भाग गटातल्या सर्वांत वयस्कर बाईला वाचायला द्या. डोळ्यांना दिसत नसेल तर आदल्या आठवड्यात एकीने तिच्या घरी जाऊन तो पाठ करून घ्यावा. गोठा त्यानंतर आवरा.