केनियाचा अध्यक्षीय निकाल स्वतः कसा पडताळावा

केनियात पुढची सार्वत्रिक निवडणूक १० ऑगस्ट २०२७ रोजी आहे. मोजणी सुरू झाली की ‘अमक्या जमातीने तमक्याला कौल दिला’ अशी वाक्यं चहूकडे दिसू लागतील. त्यावर विसंबू नका. २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने प्रत्येक मतदान केंद्राच्या निकालपत्राची प्रत संकेतस्थळावर टाकली होती आणि ती कुणालाही उतरवून घेता येत होती. तेच कागद हाताशी घ्या.

कागदांची उतरंड आधी समजून घ्या. केंद्रावरचा निकाल फॉर्म ३४ए वर, २९० मतदारसंघांपैकी प्रत्येकाची बेरीज ३४बी वर आणि देशाची बेरीज ३४सी वर. २०२२ मध्ये ४६,२२९ केंद्रं होती आणि एका केंद्रावर जास्तीत जास्त ७०० मतदार. या तिन्हींत ३४ए सर्वांत महत्त्वाचा. केंद्रावर मोजलेला आकडा वरच्या पातळीवर कुणालाही कायद्याने बदलता येत नाही.

सगळा देश तपासायला जाऊ नका, दमछाक होईल. एक मतदारसंघ घ्या. सरासरी १६० केंद्रं पडतात, दोन-तीन बैठकांत काम होतं. तक्त्यात केंद्राचा क्रमांक, नोंदणीकृत मतदार, प्रत्येक उमेदवाराची मतं, वैध मतं आणि बाद मतं असे रकाने करा. मग तीन गोष्टी पाहा: उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांइतकी येते का, वैध आणि बाद मिळून नोंदणीच्या वर जातात का, आणि तुमची एकूण बेरीज ३४बीशी जुळते का. दोन-चार मतांची चूक बहुधा पहाटे तीनला थकलेल्या माणसाने केलेली असते. एकाच उमेदवाराच्या बाजूने, केंद्रामागून केंद्रात तशाच चुका दिसल्या तर मात्र थांबून पाहा. उमेदवाराच्या एजंटची (केंद्रावरच्या प्रतिनिधीची) सही नाही एवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही.

टीव्हीवरचे चालू आकडे बाजूला ठेवा. २०२२ मध्ये मुख्य लढत विल्यम रूटो आणि राइला ओडिंगा यांच्यात होती. एका वाहिनीवर रूटो पुढे, तर दुसरीवर ओडिंगा. कागद सगळ्यांचे तेच, पण प्रत्येकाने वेगवेगळ्या भागांतून भरायला सुरुवात केली होती.

आता टक्केवारी. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, पण कशाच्या निम्म्याहून? २०१३ मध्ये विजेते उहुरू केन्याटांना बाद मतं धरून ५०.०७ टक्के होते, ती वगळून ५०.५१. सर्वोच्च न्यायालयाने बाद मतं धरायची नाहीत असा निर्णय दिला. तेव्हा छेदात नेहमी वैध मतंच घ्या.

२०२२ चा किस्सा तर पाठच करावा असा आहे. रूटो ५०.४९, ओडिंगा ४८.८५, उरलेले दोघे ०.४४ आणि ०.२३. बेरीज १००.०१! आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालाला हरकत घेतली आणि या जादा ०.०१ टक्क्याचा अर्थ सुमारे १ लाख ४२ हजार मतं असा लावला. वैध मतं होती साधारण १ कोटी ४२ लाख. त्यांचा ०.०१ टक्का म्हणजे जेमतेम १,४२०. तीही प्रत्यक्षात जादा नव्हती. प्रत्येक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केला की असं होतं. दोन शून्यांची चूक, आणि देश श्वास रोखून बसलेला. म्हणून टक्के नव्हे, मतं लिहा: ७१,७६,१४१ विरुद्ध ६९,४२,९३०, फरक २,३३,२११.

दुसरी अट लोक विसरतात: ४७ काउंटींपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किमान २४ मध्ये, म्हणजे निम्म्याहून जास्त काउंटींत, प्रत्येकी २५ टक्के मतं. ही अट एकाच प्रदेशाच्या जोरावर कुणी अध्यक्ष होऊ नये यासाठी आहे. २०१९ च्या जनगणनेत सर्वांत मोठा किकुयू समाजही साधारण १७ टक्केच होता, त्यामुळे आघाडीशिवाय गत्यंतर नाही. २०२२ मध्ये रूटो कालेंजिन, ओडिंगा लुओ, आणि दोघांचेही उपाध्यक्षपदाचे उमेदवार किकुयू. मावळते अध्यक्ष केन्याटा स्वतः किकुयू, त्यांनी पाठिंबा दिला ओडिंगांना. तरी किकुयूबहुल माउंट केनिया भागाने मोठ्या संख्येने रूटोंना मतं दिली. काउंटी म्हणजे जमात असं समीकरण मांडलंत की हा निकाल समजणारच नाही.

हे कागद क्षुल्लक नाहीत. डिसेंबर २००७ च्या निकालानंतर अकराशेहून जास्त माणसं मारली गेली, आणि नंतरच्या चौकशी आयोगालाही खरा विजेता कोण हे सांगता आलं नाही, इतक्या नोंदी बिघडल्या होत्या.

मुदतीही लिहून ठेवा. निकाल मतदानानंतर ७ दिवसांत, आव्हान घोषणेनंतर ७ दिवसांत, न्यायालयाचा निर्णय पुढच्या १४ दिवसांत. निवडणूक रद्द झाली तर ६० दिवसांत फेरमतदान. १ सप्टेंबर २०१७ रोजी न्यायालयाने निकाल खरोखर रद्द केला. निकालपत्रं पुढे पाठवण्यातले दोष आणि आयोगाने सर्व्हर तपासू न देणं, यांना त्या निर्णयात मोठं वजन होतं. तेव्हा घोषणा झाली म्हणून तक्ता मिटवू नका. निर्णय येईपर्यंत तो उघडाच ठेवा, आणि उतरवलेल्या ३४ए च्या प्रती जपून ठेवा.