दुधीचा रस: आधी चव, मग मिक्सर

दुधीच्या रसाने सूज उतरते, लसिका (पेशींभोवती साचणारं पाणी रक्तात परत नेणारा द्रव, म्हणजे लिम्फ) वाहती राहते, असं घरोघरी सांगितलं जातं. मुंबईत सकाळी फिरणाऱ्यांसाठी मैदानांबाहेर तो विकायलाही असतो. दुधीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे पोटात पाणी जातं हे खरं. पण लसिका पुढे सरकते ती तिच्या नळ्यांच्या आकुंचनाने, स्नायूंच्या हालचालीने आणि श्वासाने. म्हणून रस घ्या आणि चालाही.

एका माणसाला २५० ग्रॅम कोवळा दुधी पुरतो. नख सहज रुतलं पाहिजे. जून दुधीत बिया टणक आणि रस कमी. धुऊन दोन्ही टोकं कापा आणि दोन्हीकडची कच्ची चकती चाखा. ही पायरी कधीही गाळू नका. जराही कडू लागलं तर थुंका, चूळ भरा, अख्खा दुधी टाकून द्या. तो कडूपणा कुकरबिटासिन या विषाचा असतो. लिंबू, मीठ, साखर घालून किंवा शिजवून ते जात नाही. कारल्याचा रसही यात मिसळू नका, कारण त्याच्या कडवटपणात दुधीचा कडूपणा लपतो.

चव गोडसर असेल तर साल काढून फोडी करा. अर्धी वाटी गार पाणी, पाच-सहा पुदिन्याची पानं घालून मिनिटभर फिरवा, सुती फडक्यातून गाळा. चिमूटभर जिरेपूड, थोडं लिंबू. पायांवर सूज असेल तर मीठ नको. सैंधवातही सोडियमच असतं. लगेच प्या, मुंबईच्या दमट हवेत रस काळवंडतो आणि लवकर बिघडतो. गाडीवरचा रस पिताना दुधी चाखलेला नसतो, तेव्हा पहिलाच घोट कडू लागला तर ग्लास खाली ठेवा. प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ आली किंवा उलटीत रक्त दिसलं तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि दुधीचा रस प्यायल्याचं सांगा.

एकच पाय सुजला, लाल झाला, ताप आला किंवा सूज आठवडाभर उतरली नाही, तर रसावर वेळ घालवू नका. डासांमुळे पसरणारा हत्तीपायही लसिकेच्या नळ्याच बंद करतो, त्याचं निदान रक्ततपासणीने होतं. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत दाखवता येईल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस सुरू करू नये, त्यात पोटॅशियम असतं.